चाक, पाऊल आणि संहिता : प्राचीन जपानी मार्गांवरील सायकलप्रवासाचा वाङ्मयीन विचार

१

प्रवासवर्णनाची मराठी समीक्षा सामान्यतः दोन प्रश्नांभोवती फिरत आली आहे. निवेदकाचे व्यक्तिमत्त्व लेखनातून कितपत प्रकट होते, हा एक. आणि पाहिलेला प्रदेश वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे कितपत उभा राहतो, हा दुसरा. प्रवास कोणत्या साधनाने झाला, ही बाब बहुधा तपशिलात जमा होते. वस्तुतः प्रवासाचे साधन ही एक पाहण्याची रीत असते आणि ती संहितेच्या रचनेत उतरते. व्होल्फगांग शिवेलबुश यांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात आगगाडीने युरोपीय प्रवाशाच्या दृष्टीत घडवलेला पालट तपासला. जवळचे दृश्य वेगामुळे पुसट झाले, दूरचे दृश्य सरकत्या चित्रपटासारखे उलगडू लागले, आणि प्रवासी ज्या भूमीवरून जात होता तिच्यापासूनच तुटला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सायकल आणि प्रवासलेखन यांच्या संबंधाची अशी मीमांसा फारशी झालेली नाही.

जपानमधील प्राचीन मार्ग आणि त्यांच्या काठची ऐतिहासिक स्थळे सायकलवरून धुंडाळण्याचा प्रघात आता चांगलाच रुळला आहे. नारा प्रांतातील असुका खोऱ्यात सायकल भाड्याने घेऊन थडगी, मंदिरांचे चौथरे आणि शिलाशिल्पे पाहत हिंडणारा प्रवासी हे नित्याचे दृश्य आहे. या प्रघातातून निर्माण होणारे लेखन वरवर पाहता साधे असते : अंतर, चढउतार, मुक्काम, पाहिलेली स्थळे. परंतु हे लेखन ज्या मार्गांविषयी असते, त्यांची दोन वैशिष्ट्ये त्याला समीक्षेच्या कक्षेत आणतात. पहिले असे की, हे मार्ग आधीच लिहिले गेलेले आहेत. हजार वर्षांच्या काव्याने त्यांच्यावरील जागा निश्चित केल्या आहेत. दुसरे असे की, यांतील बहुतेक मार्ग चाकासाठी बांधलेले नाहीत. लिहिल्या गेलेल्या आणि चाकाला नकार देणाऱ्या वाटेवर चाक घेऊन जाणारा प्रवासी नेमके काय वाचतो, हा येथे विचाराचा विषय आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. मात्सुओ बाशो मराठीत आला तो हायकूचा कवी म्हणून. शिरीष पै यांनी हा काव्यप्रकार मराठीत रुजवला आणि त्याबरोबर क्षणाचा, निसर्गाच्या एका दर्शनाचा कवी अशी बाशोची प्रतिमाही रुजली. वाटेवरचा गद्यलेखक बाशो, आधीच्या कवींच्या पाऊलखुणा शोधत चालणारा बाशो, या प्रतिमेमागे झाकला गेला. प्रस्तुत प्रश्नासाठी मात्र हा दुसरा बाशोच महत्त्वाचा आहे.

२

जपानी काव्यशास्त्रात 'उतामाकुरा' अशी एक संज्ञा आहे. तिचा शब्दशः अर्थ 'कवितेची उशी' असा होतो. ज्या स्थळनामाचा उच्चार होताच विशिष्ट ऋतू, विशिष्ट भाव आणि विशिष्ट पूर्वकविता जाग्या होतात, असे स्थळनाम म्हणजे उतामाकुरा. कवीने ते स्थळ पाहिलेले असण्याची आवश्यकता नसे. अकराव्या शतकातील नोइन या भिक्षुकवीविषयीची आख्यायिका या दृष्टीने बोलकी आहे. उत्तरेकडील शिराकावाच्या नाक्यावर त्याने एक कविता रचली. राजधानीतून वसंतात निघालेला प्रवासी तेथे पोहोचेपर्यंत शरद लागतो, असा तिचा आशय. परंतु परंपरा सांगते की, नोइन तेथे गेलाच नव्हता. कविता घरीच सुचली होती. तो कित्येक दिवस घरात दडून राहिला, चेहरा उन्हाने रापवून घेतला आणि मग प्रवासाहून परतल्याची बतावणी केली. आख्यायिका खरी की खोटी हा प्रश्न गौण आहे. तिच्यामागची जाणीव महत्त्वाची आहे : स्थळ आधी भाषेत असते, भूमीवर नंतर.

शिराकावाच्या नाक्याचा पुढील इतिहास या जाणिवेला पुष्टीच देतो. नाका कधीच मोडीत निघाला होता आणि त्याची नेमकी जागा विस्मरणात गेली होती. १८०० साली त्या प्रदेशाचा सरदार मात्सुदाइरा सादानोबु याने जुन्या साधनांचा आधार घेऊन एक जागा निश्चित केली आणि तेथे शिलालेख उभारला. १९५९ पासून तेथे उत्खनन झाले आणि १९६६ मध्ये ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाली. आज सायकलवरून तेथे पोहोचणारा प्रवासी नाका पाहत नाही. तो एका वाचनाचा निष्कर्ष पाहतो.

कोजिन कारातानी यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आधुनिक जपानी साहित्याच्या उगमांवरील ग्रंथात याच मुद्द्याला सैद्धांतिक रूप दिले. ज्याला आज निसर्गदृश्य म्हटले जाते, ते जपानी साहित्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'शोधले' गेले, अशी त्यांची मांडणी आहे. त्यापूर्वीचा प्रवासी दृश्य पाहत नव्हता, पूर्वसंहिता पाहत होता. बाशोच्या 'ओकु नो होसोमिची'तही आधुनिक अर्थाचे वर्णन नाही. दृश्याचा शोध लागण्यासाठी बाह्य जगाविषयी उदासीन असलेला, आपल्या अंतरंगात मग्न असलेला एक नवा माणूस जन्माला यावा लागला. कुनिकिदा दोप्पोच्या १८९८ मधील 'मुसाशिनो'त हा माणूस दिसतो. प्रसिद्ध स्थळे बाजूला सारून तो अनाम रानवाटांवर भटकतो.

कारातानी यांच्या मांडणीत प्रवाशाचे दोन नमुने आहेत : संहिता पाहणारा आणि दृश्य पाहणारा. सायकलस्वार या दोहोंत नेमका बसत नाही. तो पूर्वसंहितेच्या आधाराने निघतो, म्हणून पहिल्याचा वारस असतो. पण त्याला अंतर्मग्न होऊन चालत नाही. पुढच्या दहा हातांवरची खडी, ओला उतार, वळण यांकडे त्याचे लक्ष सतत खिळलेले असते, आणि म्हणून तो दुसऱ्याचाही सोयरा नसतो. त्याला भूमीचे ज्ञान होते ते मांड्यांतून, श्वासातून. चढ हा त्याच्यासाठी दृश्याचा भाग नसतो. तो एक प्रतिकार असतो. हे तिसरे ज्ञान संहितेत कसे उतरते आणि कोठे निसटते, हे पाहण्यासाठी आधी मार्गांचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते.

३

'जपानचे प्राचीन मार्ग' या शब्दप्रयोगात दोन अगदी भिन्न वस्तू एकत्र बांधल्या जातात. सातव्या शतकाचा उत्तरार्ध आणि आठवे शतक यांत चिनी नमुन्यावर उभारलेल्या रित्सुर्यो राज्यव्यवस्थेने राजधानीपासून प्रांतोप्रांती सात मार्ग नेले. हे मार्ग शक्य तेथे सरळ रेषेत आखलेले होते आणि त्यांची रुंदी सामान्यतः सहा ते बारा मीटर होती. दर तीस 'री' अंतरावर, म्हणजे सुमारे सोळा किलोमीटरवर, डाकेचे ठाणे असावे असा नियम होता. मोठ्या मार्गावरील ठाण्यात वीस, मध्यम मार्गावर दहा आणि लहान मार्गावर पाच घोडे ठेवावयाचे असत. ९२७ साली पूर्ण झालेल्या 'एंगिशिकी' या नियमसंग्रहात सुमारे चारशे ठाण्यांची नोंद आहे. केंद्रसत्ता क्षीण झाली तसे हे मार्गही मोडले, शेताखाली गाडले गेले. तोक्योच्या पश्चिमेस कोकुबुन्जी येथे १९९० च्या दशकात असा सुमारे बारा मीटर रुंदीचा सरळ मार्ग उत्खननात उजेडात आला. तो याच मुसाशिनो पठारावर आहे, ज्याच्या अनाम वाटांनी दोप्पोला मोहिनी घातली होती. त्या वाटांच्या खाली राज्याची एक सरळ रेषा पुरलेली होती, हे 'मुसाशिनो'च्या वाचकाला तेव्हा ठाऊक असण्याचा संभव नव्हता.

दुसरी वस्तू म्हणजे एदोकालीन मार्ग. तोकुगावा इएयासुने १६०१ पासून तोकाइदोवरील टप्पे मुक्रर करण्यास आरंभ केला. १६०४ मध्ये एदोतील निहोनबाशी हा पूल अंतरमोजणीचा आरंभबिंदू ठरला आणि मार्गांच्या दुतर्फा दर 'री'ला मातीचे उंचवटे रचून त्यांवर झाडे लावण्यात आली. एदोकालीन 'री' सुमारे ३.९ किलोमीटरची होती. प्राचीन 'री' मात्र जेमतेम अर्ध्या किलोमीटरची. शब्द एकच, पण त्याच्या पोटातील अंतर सातपटींहून अधिक वाढलेले. तोकाइदोवर ५३ आणि नाकासेन्दोवर ६९ टप्पे होते. प्रवासी पायी, पालखीतून किंवा घोड्यावरून जात. प्रवासी वाहतुकीसाठी चाक नव्हते. क्योतो आणि ओत्सु यांच्यामधल्या बैलगाड्या हा ठळक अपवाद. तेथे १८०५ साली गाड्यांच्या चाकांसाठी दगडांच्या ओळी बसवण्यात आल्या आणि चाकांच्या घासण्याने त्यांत खोबणी पडल्या. मराठीत चाकोरी हा शब्द रूढीचा वाचक बनला; जपानी महामार्गांच्या जगात चाकोरी हीच मुळी विरळा वस्तू होती.

या दोन मार्गांची अंतरे सायकलच्या संदर्भात मांडली की एक अनपेक्षित गोष्ट ध्यानात येते. ३.९ किलोमीटर हे पायी चालणाऱ्याचे साधारण तासाभराचे अंतर आहे. एदोकालीन मार्ग पावलाच्या मापाने आखलेला आहे. सोळा किलोमीटर हे सपाटीवर सायकलस्वाराचे साधारण तासाभराचे अंतर आहे. म्हणजे सायकलचा स्वाभाविक ताल कवींच्या, यात्रेकरूंच्या, फिरत्या विक्रेत्यांच्या वाटेशी जुळत नाही. तो राज्याच्या जासुदाशी जुळतो. नारा खोऱ्यातील योको-ओजी या पूर्वपश्चिम सरळ मार्गावर याचा प्रत्यय येतो. 'निहोन शोकी'त ६१३ साली नानिवापासून राजधानीपर्यंत मोठा मार्ग बांधल्याची नोंद आहे. ताकेनोउची खिंडीतून येणारी वाट आणि योको-ओजी मिळून हाच तो मार्ग असे मानले जाते. त्या सरळ रेषेवर पॅडल मारताना येणारी सुखद समगती ही प्राचीन राज्याने आपल्या आज्ञांसाठी निर्माण केलेली समगती आहे.

सायकलप्रवासाच्या लेखनात बहुधा एक गृहीतक असते : सायकल संथ, म्हणून ती जुन्या जगाला जवळची. मोटार आणि आगगाडी यांच्या तुलनेत हे खरे आहे. पण जुन्या जगात एकच वेग नव्हता. त्यात आज्ञेचा वेग होता आणि ओझ्याचा वेग होता. सायकलस्वाराला यांतला कोणता वेग आपला वाटतो, यावर त्याच्या लेखनाची नैतिक दिशा ठरते.

४

जिप्पेन्शा इक्कुच्या १८०२ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'तोकाइदोचू हिझाकुरिगे' या विनोदी कथनाच्या शीर्षकात हा प्रश्न गमतीने येऊन गेला आहे. 'हिझाकुरिगे' म्हणजे गुडघ्यांचा तांबूस घोडा. ज्याला घोडा परवडत नाही त्याचे गुडघे हाच त्याचा घोडा. मिखाइल बाख्तीन यांनी कादंबरीतील वाटेविषयी जे म्हटले आहे, की तेथे एरवी न भेटणारे सामाजिक स्तर एकमेकांना भिडतात, त्याचे हे कथन उत्तम उदाहरण आहे. इक्कुचे दोघे नायक घाणेरडे विनोद करतात, फसवतात, फसतात, उपाशी राहतात. प्रसिद्ध स्थळ येते, त्यावर एखादी विडंबनकविता होते आणि कथन पुढच्या खाणावळीकडे वळते. सायकल हा या गुडघ्यांच्या घोड्याचा थेट वंशज म्हणावा लागेल : गुडघे तेच, फक्त त्यांना चाके जोडलेली.

या वंशजाचे जपानी मार्गांवरील एक आरंभीचे दर्शन टॉमस स्टीव्हन्स याच्या लेखनात घडते. सॅन फ्रान्सिस्कोहून १८८४ साली उंच चाकाच्या सायकलवर निघालेला हा प्रवासी १८८६ च्या अखेरीस नागासाकीस उतरला आणि डिसेंबरात योकोहामास पोहोचला. त्याचे दोन खंडांतील प्रवासवर्णन १८८७ आणि १८८८ साली प्रसिद्ध झाले. तोकाइदो रेल्वे पूर्ण झाली १८८९ मध्ये. म्हणजे जुन्या मार्गाचे आयुष्य संपण्याच्या अगदी उंबरठ्यावर स्टीव्हन्स त्यावरून गेला. या योगायोगाचे मोल लेखकाला कळलेले दिसत नाही. त्याचे निवेदन रस्त्याची प्रत, दिवसाचे अंतर, लोकांचे कुतूहल आणि आतिथ्य यांत रमते. जपान त्याला आवडतो, विशेषतः चीनमधील कष्टांनंतर. पण ज्या मार्गावरून चाक जाते तो कोणी आणि कशासाठी बांधला, हा प्रश्न त्याच्या संहितेत उमटत नाही. त्याच्याजवळ पूर्वसंहिता नाही. म्हणून स्थळे त्याच्यापुढे केवळ दृश्ये होऊन येतात. त्याचे लेखन वाचनीय आहे आणि त्या काळाची साक्ष म्हणून अमोल आहे. तरीही मांड्यांतून येणारे ज्ञान एकटे पुरेसे नसते, हे तेच लेखन सिद्ध करते.

याच्या उलट टोकाला नात्सुमे सोसेकीची १९०३ मधील 'सायकल दैनंदिनी' ठेवता येते. ती जपानी मार्गांविषयी नाही. लंडनमध्ये घरमालकिणीच्या आग्रहावरून सायकल शिकताना झालेल्या फजितीचे ते आत्मोपहासात्मक कथन आहे. तरी तिचा येथे संबंध आहे. स्टीव्हन्सचे चाक जग जिंकत जाते. सोसेकीचे चाक स्वाराला वारंवार जमिनीवर आणते. परक्या साम्राज्याच्या राजधानीत सायकलवरून पडणारा जपानी लेखक आणि जपानमध्ये सायकलवरून दौडणारा पाश्चात्य प्रवासी या दोन प्रतिमा शेजारी ठेवल्या की चाक कोणाच्या हाती आहे हा प्रश्न टाळता येत नाही. सायकलप्रवासाच्या लेखनात पडण्याला, उतरण्याला, ढकलण्याला जे स्थान मिळते, तेच बहुधा त्या लेखनातील सच्चेपणाचे स्थान असते.

५

हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहतो तो ईशान्य जपानमधील तागाजो येथे. येथील शिलालेख ७६२ सालचा आहे. दगडाच्या माथ्यावर 'पश्चिम' या अर्थाचे एक अक्षर आहे आणि त्याखाली अंतरे दिलेली आहेत : राजधानीपासून दीड हजार 'री', एमिशींच्या सीमेपासून १२०, हिताचीच्या सीमेपासून ४१२, शिमोत्सुकेच्या सीमेपासून २७४, माक्कात्सुच्या सीमेपासून तीन हजार. पुढे ७२४ साली हा गड बांधल्याची आणि नंतर त्याची डागडुजी केल्याची नोंद आहे. स्वरूपतः हा मैलाचा दगड आहे, पण त्याने मोजलेली अंतरे राज्याच्या आतील आणि बाहेरील माणसांची विभागणी करतात.

१६८९ मध्ये बाशो या दगडापुढे उभा राहिला. जुन्या काव्यात 'त्सुबो नो इशिबुमी' नावाचा दूर उत्तरेकडील एक शिलालेख उतामाकुरा म्हणून प्रसिद्ध होता. तागाजोचा दगड सतराव्या शतकात पुढे आला तेव्हा तोच तो शिलालेख असे मानण्यात आले. बाशोने तसेच मानले. डोंगर ढासळतात, नद्या पात्र बदलतात, वाटा नव्या होतात आणि म्हणून काव्यातील बहुतेक जागा संशयास्पद उरतात. पण येथे हजार वर्षांचे निःसंशय स्मारक आहे, या भावनेने तो अश्रू ढाळतो. हा 'ओकु नो होसोमिची'तील एक परमोच्च बिंदू आहे. आणि ज्याविषयी कवीला खात्री वाटली, नेमके त्याचविषयी अभ्यासक साशंक आहेत. काव्यातील दगड हा नव्हे, असे आज सामान्यतः मानले जाते. १९४९ साली आणखी उत्तरेस, आओमोरी प्रांतात, 'जपानचे केंद्र' अशा अर्थाची अक्षरे असलेला एक दगड सापडला आणि त्यानेही त्या नावावर हक्क सांगितला. तागाजोचा दगड मेइजी काळात बनावट ठरवला जाऊ लागला होता. पुढील उत्खननांनी आणि अभ्यासांनी त्याचे अस्सलपण पटवले आणि २०२४ मध्ये तो राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झाला. म्हणजे दगड खरा आणि ओळख चुकीची, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

या ठिकाणी बाशोच्या वाटेचे स्वरूपही ध्यानात घेतले पाहिजे. सेन्दाइ येथे त्याला काएमोन नावाचा एक चित्रकार भेटला. हा मनुष्य विस्मरणात गेलेल्या काव्यस्थळांच्या जागा शोधण्याचा उद्योग वर्षानुवर्षे करीत होता. त्याने दिलेल्या चित्रांच्या आधारे बाशो पुढे गेला. ग्रंथाच्या शीर्षकातील 'अरुंद वाट' याच परिसरातली. पुढे हिराइझुमीकडे जाताना वाट चुकून आपण इशिनोमाकी बंदरात पोहोचलो, असे बाशो सांगतो. पण सहप्रवासी सोराची १९४३ मध्ये प्रकाशात आलेली दैनंदिनी तसे म्हणत नाही. ज्या वाटा नकाशाने दाखवल्या त्या कवितेने पवित्र केल्या, आणि जेथे वाट चुकली नव्हती तेथे ती लेखनात चुकवली. सायकलस्वार ज्याला 'बाशोचा मार्ग' समजून अनुसरतो, तो मार्ग असा रचलेला आहे.

परंतु येथे केवळ संहितेच्या खेळावर थांबणे पुरेसे नाही. शिलालेखातील १२० 'री' पलीकडे एमिशी होते. ७८० साली इजी नो आझामारो याने बंड केले आणि तागाजो जाळले गेले. ८०२ मध्ये एमिशींचा नेता आतेरुई सेनापती साकानोउए नो तामुरामारोला शरण आला आणि त्याचा शिरच्छेद झाला. उतामाकुरा म्हणून गाजलेला मूळ दगड याच तामुरामारोने कोरल्याची परंपरा आहे. बाशोचे अश्रू भाषेच्या सातत्यासाठी आहेत आणि ते खरे आहेत; पण ते सातत्य विजेत्यांच्या भाषेचे आहे. तागाजोला पोहोचलेला सायकलस्वार जेव्हा बाशोच्या भावनेची पुनरुक्ती करतो, तेव्हा तो नकळत जासुदाच्या वेगाने आल्याची कबुली देतो. राजधानीपासून दीड हजार 'री' हे अंतर त्याला पूर्ण केलेल्या प्रवासासारखे वाटते. एमिशींच्या दृष्टीने तेच अंतर जवळ येत गेलेल्या संकटाचे होते. तो दगड दोन्ही बाजूंनी वाचण्याची जबाबदारी आजच्या प्रवासलेखकावर येते, कारण बाशोला उपलब्ध नसलेला इतिहास त्याला उपलब्ध आहे.

६

जासुदाच्या वेगातून सायकलस्वाराला खाली उतरवण्याचे काम घाट करतात. नाकासेन्दोवरील त्सुमागो आणि मागोमे यांच्यामधली खिंड, तोकाइदोवरील हाकोनेची दगडी फरसबंदी, अशा ठिकाणी जुन्या वाटेला चिकटून राहावयाचे तर सायकल ढकलावी किंवा खांद्यावर घ्यावी लागते. चाक येथे ओझे बनते. प्रवासलेखनात हा प्रसंग बहुधा गैरसोय म्हणून किंवा पराक्रम म्हणून येतो. त्याचा तिसरा अर्थ क्वचितच घेतला जातो : हाच या मार्गाचा खरा वेग होता.

मागोमे हे शिमाझाकी तोसोनचे जन्मगाव. १९२९ ते १९३५ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'योआकेमाए' या कादंबरीचा नायक तेथील मुख्य अतिथिगृहाच्या आणि गावकीच्या कारभाराचा वारस आहे; त्याच्यामागे तोसोनच्या वडिलांचे चरित्र आहे. तोसोनने वाटेला स्थळांची माळ म्हणून पाहिले नाही. वाट ही त्याच्या लेखी एक संस्था आहे आणि ती माणसांच्या पाठीवर उभी आहे. टप्प्यांवरील हमाल आणि घोडे कमी पडत तेव्हा आसपासच्या गावांना ते पुरवण्याची सक्ती असे. 'सुकेगो' नावाची ही व्यवस्था वेठीच्या फार जवळची होती आणि तिच्याविरुद्ध शेतकऱ्यांचे उठावही झाले. १८६१ मध्ये राजकन्या काझुनोमियाची प्रचंड मिरवणूक नाकासेन्दोवरून एदोकडे गेली, तेव्हा या खोऱ्यातील गावांवर किती भार पडला असेल याची कल्पना कादंबरीच्या वाचकाला येते. नायक नव्या युगाच्या पहाटेची वाट पाहतो. पहाट होते, टप्प्यांची व्यवस्था रद्द होते आणि अखेरीस तो भ्रमिष्ट होतो.

आजचे त्सुमागो या कथेचा उत्तरार्ध आहे. रेल्वे आणि नवा महामार्ग दुसरीकडून गेल्याने गाव मागे पडले आणि मागे पडल्यामुळेच त्याची घरे उरली. १९६८ पासून त्यांच्या जतनास आरंभ झाला, १९७१ मध्ये रहिवाशांनी घरे विकावयाची नाहीत, भाड्याने द्यावयाची नाहीत, पाडावयाची नाहीत असा निर्धार केला आणि १९७६ मध्ये गावाला राष्ट्रीय संरक्षण मिळाले. हे कार्य निःसंशय मोलाचे आहे. पण जतन केलेल्या रस्त्यावर घरांचे दर्शनी भाग दिसतात. सुकेगो दिसत नाही. ती दिसावी अशी कोणतीही वास्तू नाही, कारण वेठ वास्तू मागे ठेवत नाही. खिंडीत सायकल ढकलताना लागणारी धाप हाच काय तो तिचा क्षीण संकेत. अर्थात स्वेच्छेने घेतलेली धाप आणि सक्तीची धाप यांत मूलभूत भेद आहे आणि त्या भेदाचा विसर पडला तर सहानुभूतीचे नाटक होते. तरीही चांगले लेखन या संकेतापाशी थांबते, त्याला तोसोनच्या वाचनाची जोड देते आणि स्वतःच्या श्रमाचे कौतुक आवरते. शरीर आणि संहिता यांचा खरा संवाद अशा ठिकाणी घडतो. स्टीव्हन्सकडे पहिले होते, नोइनच्या आख्यायिकेत केवळ दुसरे होते.

१९९९ मध्ये ओनोमिची आणि इमाबारी यांना जोडणारा, समुद्रातील बेटांवरून पुलापुलांनी जाणारा शिमानामी काइदो खुला झाला. सुमारे सत्तर किलोमीटरच्या या मार्गावर सायकलसाठी स्वतंत्र सोय आहे. काइदो हा जुना शब्द येथे नव्या रस्त्याला लाभला आहे आणि चाकाला कोठेही नकार नाही. प्रवासासाठी तो उत्तमच आहे. परंतु जेथे चाक अडत नाही तेथे स्वाराला कोणाच्या ओझ्याची आठवण होण्याचे कारण उरत नाही. जुन्या मार्गांचे वाङ्मयीन मूल्य त्यांच्या या अडवण्यात आहे.

७

जपानी समुद्राच्या काठावरील किसाकाता हे बाशोच्या प्रवासाचे एक टोक. त्याच्या काळी तेथे छोट्या छोट्या बेटांनी भरलेले खाजण होते. बाशो नावेने प्रथम गेला तो नोइनच्या बेटाकडे. शिराकावाला न जाता शिराकावाची कविता लिहिल्याची आख्यायिका ज्याच्या नावावर आहे, त्याच कवीने या बेटावर तीन वर्षे एकांतवास केल्याचेही परंपरा सांगते. १८०४ साली मोठा भूकंप झाला, भूमी सुमारे अडीच मीटर वर उचलली गेली आणि खाजण आटले. पुढे तेथे भातशेती झाली. बेटे आज शेतांमधल्या टेकड्या म्हणून उभी आहेत.

बाशो जेथे नाव वल्हवीत गेला, तेथे आज बांधालगतच्या रस्त्याने सायकल जाते. पूर्वसंहिता ठाऊक नसलेल्या प्रवाशाला येथे पाइन वृक्षांनी झाकलेले उंचवटे आणि भाताची खाचरे दिसतील. केवळ पूर्वसंहिता ठाऊक असलेल्याला नाहीशा झालेल्या जलाशयाची हळहळ वाटेल. पण ज्याचे चाक त्या सपाटीवरून जात आहे आणि ज्याच्या मनात बाशोची नाव आहे, त्याला आपण पूर्वीच्या समुद्रतळावरून जात आहोत हे कळते, आणि तो तळ आता कोणाच्या तरी कष्टाने पिकणारी जमीन आहे हेही कळते. लावणीच्या दिवसांत खाचरांत पाणी भरले म्हणजे टेकड्या पुन्हा बेटांसारख्या दिसतात. त्या वेळी सायकलवरून उतरून बांधावर उभ्या असलेल्या प्रवाशाला जुना देखावा परत मिळाल्याचा भास होईल. आणि पाण्यात वाकून रोपे लावणारी माणसे त्या देखाव्यात आहेत की नाहीत, यावरून त्याच्या लेखनाची प्रत ठरेल.